नाताळच्या मेळाव्यातील साधे खेळ

ख्रिस्ती कुटुंबाच्या जीवनात वर्षाकाठी असे काही दिवस येतात, की त्या दिवशी एरवी चार दिशांना पांगलेले नातलग एका छपराखाली जमतात. नाताळ हा त्यांतला प्रमुख दिवस. त्याखेरीज तान्ह्या मुलाचा बाप्तिस्मा, मुलांचा पहिला ख्रिस्तप्रसाद, आजी-आजोबांच्या विवाहाचा पन्नासावा वाढदिवस, असे प्रसंग असतातच. २०११ च्या जनगणनेनुसार भारतात ख्रिस्ती धर्मीयांची संख्या सुमारे २ कोटी ७८ लाख, म्हणजे एकूण लोकसंख्येच्या २.३ टक्के होती. केरळ, तामिळनाडू, गोवा, मेघालय, नागालँड, मिझोराम, छोटा नागपूरचे पठार असा हा समाज दूरवर पसरलेला आहे. त्याच्या भाषा निरनिराळ्या, पंथ निरनिराळे आणि स्वयंपाकही निराळा. मिझोरामच्या खेड्यात नाताळ म्हणजे साऱ्या गावाचे सहभोजन व रात्री उशिरापर्यंत चालणारे सामुदायिक गायन. केरळात मध्यरात्रीच्या उपासनेनंतर अप्पम आणि रस्सा. गोव्यात दोदोल, नेवऱ्या व कुलकुल यांनी भरलेली ताटे शेजारीपाजारी पोहोचवण्याची लगबग.

असे असूनही शहरांतील, बंदरांतील आणि जुन्या रेल्वे वसाहतींतील ख्रिस्ती घरांत उपासना व भोजन आटोपल्यानंतरच्या दोन-तीन तासांत जे घडते, त्यात पुष्कळ साम्य आढळते. खुर्च्या ओळीने मांडल्या जातात, कोणीतरी गाण्याची सोय करतो, कोणी कागदात गुंडाळलेले मोठे पुडके आणून ठेवतो आणि हाऊजीची तिकिटे वाटली जातात. हे खेळ इतके परिचयाचे आहेत, की त्यांच्याकडे अभ्यासाचा विषय म्हणून सहसा कोणी पाहत नाही. वस्तुतः त्यांचे नियम विचारपूर्वक पाहण्याजोगे आहेत.

जेवणानंतरच्या त्या वेळेला एक अडचण असते. एकाच खोलीत ऐंशी वर्षांची, कानांनी अधू झालेली आजी असते आणि सहा वर्षांची नातही. महाविद्यालयात जाणारे तरुण असतात, नुकतीच लग्न होऊन आलेली आणि अद्याप सर्वांची नावेही नीट न जाणणारी सून असते, शेजारचे हिंदू किंवा मुसलमान कुटुंब असते, आणि एखादे वर्ष असे येते, की घरातल्या एखाद्या काकांचा पत्नीच्या निधनानंतरचा तो पहिलाच नाताळ असतो. या सर्वांना एकत्र गुंतवील असा संभाषणाचा विषय मिळणे दुरापास्त. गप्पा सुरू झाल्या, की पुरुष एकीकडे, स्त्रिया स्वयंपाकघरात आणि मुले अंगणात अशी पांगापांग होते. आणि जो कोणत्याच गटाचा नाही, तो खिडकीपाशी एकटा बसून राहतो. साधा खेळ ही अडचण दूर करतो. ज्या खेळात कौशल्याला फारसे मोल नाही, ज्याचे नियम दोन वाक्यांत सांगता येतात आणि ज्यात सर्वांत लहान व सर्वांत वृद्ध हे एका पातळीवर येतात, त्याला येथे साधा खेळ म्हटले आहे.

खेळाविषयीचा धर्मविचार

उत्सवाच्या दिवशी खेळावे की नाही, या प्रश्नावर ख्रिस्ती धर्मचिंतकांमध्ये प्राचीन काळापासून विचार झाला आहे. तेराव्या शतकातील थोर तत्त्ववेत्ते संत थॉमस अक्वायनस यांनी खेळ हा मनाचा विसावा आहे, असे मानले. शरीर थकले की त्याला झोप लागते, त्याचप्रमाणे बुद्धी थकली की तिला क्रीडा लागते, असा त्यांचा युक्तिवाद आहे. या संदर्भात त्यांनी एक जुनी आख्यायिका दिली आहे. संत योहान आपल्या शिष्यांसमवेत खेळत असलेले पाहून काही लोकांना धक्का बसला. तेव्हा योहानांनी त्यांच्यापैकी धनुष्य बाळगणाऱ्या एकाला बाण मारावयास सांगितले. त्याने अनेक बाण मारल्यावर, असे सतत मारीत राहता येईल काय, म्हणून विचारले. धनुष्य मोडेल, असे त्याने उत्तर दिले. माणसाच्या मनाचेही तसेच आहे, असा बोध योहानांनी त्यावरून दिला. अर्थात खेळाला मर्यादा हवी, तो अश्लील वा दुसऱ्याला दुखावणारा नसावा आणि प्रसंग व व्यक्ती यांना शोभणारा असावा, या अटी अक्वायनस यांनी घातल्याच आहेत.

सर्वच काळी ही उदार दृष्टी टिकली नाही. इंग्लंडमध्ये १५४१ साली आठव्या हेन्रीच्या कारकिर्दीत झालेल्या कायद्याने कारागीर, शिकाऊ उमेदवार आणि नोकरचाकर यांना पत्ते, फासे, चेंडूफळी अशा खेळांची बंदी केली. परंतु नाताळचे दिवस त्यातून वगळले. त्या दिवसांत धन्याच्या घरी किंवा त्याच्या देखत खेळावयास मोकळीक होती. वर्षभर कष्टणाऱ्या माणसाला धन्याच्या छपराखाली बसून खेळावयाचे ते एवढेच दिवस. पुढे प्युरिटन पक्षाच्या अमलाखाली १६४७ साली पार्लमेंटने नाताळचा उत्सवच रद्द केला. १६६० मध्ये राजसत्ता परत आल्यावर तो पुन्हा प्रतिष्ठित झाला.

एकोणिसाव्या शतकात नाताळ हा घराचा, दिवाणखान्याचा आणि मुलाबाळांचा सण म्हणून नव्याने घडला. चार्ल्स डिकन्स यांच्या ‘अ ख्रिसमस कॅरल’ या १८४३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कथेत या खेळांचे जिवंत चित्र आहे. कंजूष स्क्रूजचा भाचा फ्रेड याच्या घरी मेजवानीनंतर दंडाचे खेळ होतात, आंधळी कोशिंबीर होते आणि ‘होय-नाही’ हा ओळखण्याचा खेळ रंगतो. अदृश्य रूपाने तेथे आणला गेलेला स्क्रूज या खेळांत इतका रमतो, की आपला आवाज कोणाला ऐकू जात नाही हे विसरून तो मोठमोठ्याने उत्तरे देऊ लागतो. ‘होय-नाही’च्या खेळात फ्रेडने मनात धरलेला चिडखोर, गुरगुरणारा प्राणी म्हणजे स्क्रूज स्वतःच असतो. कथेच्या अखेरीस तोच स्क्रूज भाच्याच्या दारात येऊन उभा राहतो, आत घेतला जातो आणि त्या घरच्या खेळांत सामील होतो. बाहेर राहिलेल्या माणसाला आत घेण्याचे जे सामर्थ्य या खेळांत आहे, ते डिकन्स यांनी अचूक ओळखले होते.

हाऊजी किंवा तंबोला

भारतातील ख्रिस्ती घरांत सर्वाधिक लोकप्रिय असलेला खेळ कोणता, असे विचारल्यास बहुतेक ठिकाणी हाऊजी हेच उत्तर मिळेल. या खेळाचे दुसरे नाव तंबोला. हे नाव इटलीहून आलेले आहे आणि तेथे हा खेळ आजही नाताळच्या दिवसांत घरोघरी खेळला जातो. त्याच्या जन्माची एक पारंपरिक कथा नेपल्स शहरात सांगतात. १७३४ साली नेपल्सचा राजा चार्ल्स याला लॉटरीचा खेळ सरकारी उत्पन्नासाठी चालू ठेवावयाचा होता. ग्रेगोरिओ मारिया रोक्को या डोमिनिकन धर्मगुरूंचा त्याला विरोध होता. अखेर नाताळच्या आठवड्यात तरी लॉटरी बंद ठेवावी, अशी तडजोड झाली. तेव्हा लोकांनी तेच नव्वद आकडे घरात आणून कुटुंबाचा खेळ तयार केला. कथेचा तपशील कसाही असो, सार्वजनिक जुगार आणि घरगुती खेळ यांच्यातील सीमारेषेचा प्रश्न या खेळाच्या जन्मकथेतच आहे, ही गोष्ट लक्षणीय होय.

नेपल्समध्ये प्रत्येक आकड्याला एक अर्थ दिलेला आहे. २५ म्हणजे नाताळ, ३३ म्हणजे ख्रिस्ताच्या आयुष्याची वर्षे, ४७ म्हणजे मृत मनुष्य, ४८ म्हणजे बोलणारा मृत मनुष्य, ९० म्हणजे भय. आकडे पुकारणारा हे अर्थ गुंफून गोष्ट रचीत जातो आणि खेळणारे आपल्या कागदावरील आकडे घेवड्याचे दाणे, मसुरा किंवा संत्र्याच्या सालीचे तुकडे ठेवून झाकतात. हाच खेळ ब्रिटिश सैन्यात ‘हाऊस’ किंवा ‘हाऊसी-हाऊसी’ या नावाने रूढ होता आणि आपल्याकडील ‘हाऊजी’ हे नाव त्याचीच आठवण देते. छावण्या, क्लब आणि रेल्वे इन्स्टिट्यूट यांच्यामार्फत अँग्लो-इंडियन समाजात तो स्थिरावला. आज तो जिमखान्यांत, गृहनिर्माण संस्थांत आणि सर्व धर्मांच्या घरांत खेळला जातो.

हाऊजीच्या तिकिटावर तीन आडव्या ओळी व नऊ उभे स्तंभ, म्हणजे एकूण २७ घरे असतात. प्रत्येक ओळीत पाच आकडे, म्हणजे तिकिटावर १५ आकडे असून उरलेली १२ घरे रिकामी असतात. पहिल्या स्तंभात १ ते ९, दुसऱ्यात १० ते १९, असे होत होत शेवटच्या स्तंभात ८० ते ९० हे आकडे येतात. सहा तिकिटांचा संच नीट छापलेला असेल, तर त्यात १ ते ९० हे सर्व आकडे प्रत्येकी एकदाच आलेले दिसतात. पुकारणारा थैलीतून एकेक आकडा काढतो. आपल्या तिकिटावर तो असल्यास खोडावयाचा, एवढेच खेळणाऱ्याचे काम. पहिले पाच आकडे, चार कोपरे, वरची, मधली व खालची ओळ आणि शेवटी संपूर्ण तिकीट, अशी बक्षिसे साधारणपणे ठेवतात. चुकीचा दावा करणाऱ्याचे तिकीट बाद होते. त्याला ‘बोगी’ म्हणतात.

ही बक्षिसांची रचना मोठी सुज्ञ आहे, हे थोड्या गणिताने समजते. कोणताही आकडा पुकारला गेला असता तो आपल्या तिकिटावर असण्याची शक्यता नव्वदात पंधरा, म्हणजे सहात एक. एकच तिकीट विचारात घेतले, तर त्याचे पहिले पाच आकडे सरासरीने सुमारे २८ व्या पुकाराला पुरे होतात. चार कोपरे सुमारे ७३ व्या, एखादी ठरावीक ओळ सुमारे ७६ व्या आणि संपूर्ण तिकीट सुमारे ८५ व्या पुकाराला. तिकिटे पुष्कळ असतील, तेव्हा कोणा ना कोणाचे यापेक्षा बरेच आधी पुरे होते, हे उघड आहे. पहिले बक्षीस लवकर निघाल्याने लहान मुलांचा धीर सुटत नाही. आणि संपूर्ण तिकिटाचे बक्षीस अखेरपर्यंत लांबत असल्याने ज्याला तोवर काहीच मिळालेले नाही, त्याचीही आशा शेवटपर्यंत टिकून राहते. या खेळात मध्येच कोणी बाद होत नाही. शिवाय हुशार माणसाला येथे काडीचाही लाभ नाही. गणिताचे प्राध्यापक आणि नुकतीच अंकओळख झालेली मुलगी एकाच बाकावर बसतात आणि बक्षीस मुलगी नेते.

हाऊजीची खरी गोडी पुकारणाऱ्याच्या वाणीत असते. इंग्रजी परंपरेत ११ ला ‘पाय’, २२ ला ‘दोन बदके’, २१ ला ‘दाराची किल्ली’, ९ ला ‘डॉक्टरांचा हुकूम’ आणि ९० ला ‘घराचा माथा’ म्हणतात. सैन्यात नऊ क्रमांकाची सारक गोळी सरसकट सर्वांना देत, त्यावरून ९ चे नाव पडले. २१ चा संदर्भ वयात आलेल्या मुलाच्या हाती घराची किल्ली देण्याच्या प्रथेशी आहे. भारतीय घरांत या नावांत भर पडली. ४७ म्हणजे स्वातंत्र्याचे वर्ष आणि ५० म्हणजे क्रिकेटमधील अर्धशतक, हे कोणालाही सांगावे लागत नाही. चतुर पुकारणारा त्या त्या कुटुंबाची स्वतःची नावे तयार करतो: आजोबांचे वय, घराचा क्रमांक, थोरल्या बहिणीच्या लग्नाचे साल. असा आकडा निघाला, की ज्याच्याशी तो संबंधित आहे त्याच्याकडे सगळे वळून पाहतात आणि त्या निमित्ताने घराचा इतिहास नव्या सुनेला व मुलांना आपोआप कळतो. मात्र ८८ या आकड्याला ‘दोन लठ्ठ बायका’ म्हणण्याची जी जुनी रीत आहे, ती टाळलेली बरी. कोणाच्या तरी शरीराकडे बोट दाखवून पिकलेला हशा सणाच्या दिवशी शोभत नाही.

संगीत खुर्ची आणि पुडके

संगीत खुर्चीचे नियम सर्वांना माहीत आहेत. खेळणाऱ्यांपेक्षा एक खुर्ची कमी ठेवावयाची. संगीत थांबताच प्रत्येकाने खुर्ची पकडावयाची. जो उभा राहील तो बाद. जर्मनीत व फिलिपीन्समध्ये या खेळाला ‘जेरुसलेमची यात्रा’ अशा अर्थाचे नाव आहे. या खेळात धावपळ आहे, गंमत आहे. पण त्याच्या रचनेत एक दोषही आहे. वीस जण खेळत असतील तर एकोणीस फेऱ्या होतात. प्रत्येक फेरीस दोन मिनिटे धरली, तर पहिल्या फेरीत बाद झालेल्याला छत्तीस मिनिटे नुसते पाहत बसावे लागते. आणि पहिल्या फेरीत बाद होतो कोण? बहुधा सर्वांत लहान मूल, गुडघे दुखणारी मावशी किंवा संकोची पाहुणा. म्हणजे ज्याला सामावून घेण्यासाठी खेळ मांडला, तोच आधी बाहेर पडतो.

या दोषावर दोन उपाय आहेत. पहिला असा, की बाद झालेल्याकडे पुढील फेरीचे संगीत थांबवण्याचे काम सोपवावयाचे. पाठ फिरवून बसलेल्या सहा वर्षांच्या मुलाच्या हाती सगळ्या थोरामोठ्यांना पळवण्याची सत्ता येते आणि तो हरलेला आहे, हे त्याच्या लक्षातही राहत नाही. दुसरा उपाय खेळाचा गाभाच पालटून टाकतो. खुर्च्या एकेक करून काढावयाच्या, परंतु माणसे मात्र काढावयाची नाहीत. उरलेल्या खुर्च्यांवर सर्वांनी मावले पाहिजे. मांडीवर मांडी, खांद्यावर हात, एका खुर्चीवर तिघे, असा शेवट होतो. येथे जिंकतात ते सर्वजण. पडझडीची भीती असल्यामुळे या प्रकारात खुर्च्या भक्कम असाव्यात आणि वृद्धांना पंचाचे काम द्यावे.

पुडके फिरवण्याच्या खेळात एक छोटी भेटवस्तू अनेक कागदांत एकावर एक गुंडाळतात. संगीत चालू असताना पुडके हातोहात फिरते; ते थांबले, की ज्याच्या हाती असेल त्याने एक वेष्टन सोडावयाचे. प्रत्येक वेष्टनात एक चिठ्ठी किंवा गोळी ठेवण्याची रीत आहे. चिठ्ठीवर गाणे म्हणा, कोंबड्यासारखे आरवा, घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाला नमस्कार करा, असा हुकूम असतो. हा खेळ वरवर नशिबाचा असला, तरी संगीत ज्याच्या हाती असते त्याचे त्यावर नियंत्रण असते. कोणते मूल अजून रिकाम्या हाताचे आहे, हे तो डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाहत असतो. हे गुपित मोठ्यांना ठाऊक असते आणि लहानांना पुढे मोठेपणी उमगते. खेळातील हा पक्षपात न्यायाला धरूनच आहे, असे म्हटले पाहिजे.

अभिनय, दंड आणि संकोच

शब्दकोडी अभिनयाने सोडवण्याचा ‘शराड’ हा खेळ फ्रान्समध्ये अठराव्या शतकात प्रथम लेखी कोड्यांच्या रूपाने लोकप्रिय झाला. जेन ऑस्टेन यांच्या ‘एमा’ या कादंबरीत अशी लेखी कोडी आढळतात. थॅकरे यांच्या ‘व्हॅनिटी फेअर’मध्ये (१८४७–४८) त्यांचे वेशभूषेसह प्रयोग होतात. भारतात या खेळाने चित्रपटांच्या नावांशी सोयरीक केली. दोन पक्ष पाडतात. एका पक्षाने दिलेले नाव दुसऱ्या पक्षातील एकाने तोंडातून शब्द न काढता आपल्या पक्षाला ओळखावयास लावायचे. किती शब्द आहेत हे बोटांनी दाखवणे, कानाला हात लावून सारख्या उच्चाराचा शब्द सुचवणे, हे संकेत सर्वत्र रूढ आहेत. ख्रिस्ती घरांत चित्रपटांऐवजी बायबलमधील प्रसंगही घेतात. नोहाचे तारू, योनाचा मासा, दावीद आणि गल्याथ हे प्रसंग मूकाभिनयाला फार सोयीचे असल्याने मुले ते आनंदाने करतात.

आंधळी कोशिंबीर मराठी वाचकाला नव्याने सांगावयास नको. डोळे बांधलेल्याने इतरांना पकडावयाचे, हा प्रकार जगाच्या अनेक भागांत आढळतो. त्याचेच सौम्य रूप म्हणजे डोळे बांधून भिंतीवरील गाढवाच्या चित्राला शेपूट, अथवा नाताळच्या झाडाच्या चित्राला वरची चांदणी लावणे. चांदणी बुंध्याला लागली, की घर हसते. परंतु ते हसू चांदणीला असते, लावणाऱ्याला नव्हे.

नेमका हाच विवेक दंडाच्या खेळांत पाळावा लागतो. हरणाऱ्याने काहीतरी करून दाखवावे, ही प्रथा जुनी आहे आणि तिच्यात गंमतीइतकाच धोका आहे. तरुणांच्या घोळक्यात जो दंड विनोद वाटतो, तोच नव्या सुनेला सासरच्या वीस माणसांसमोर शिक्षा वाटू शकतो. अडखळत बोलणाऱ्या मुलाला भाषण करावयास लावणे, अविवाहित आत्याला लग्नाविषयी प्रश्न विचारणे, नोकरी गेलेल्या भावाला पगारावरून चिडवणे, हे खेळाच्या आवरणाखाली केलेले अपमान होत. यासाठी दोन नियम उपयोगी पडतात: दंड काढणाऱ्याला दुसरी चिठ्ठी उचलण्याची मुभा असावी, आणि पहिला दंड नेहमी घरच्या यजमानाने भोगावा. घरधनी स्वतः कोंबड्यासारखा आरवला, म्हणजे पाहुण्यांचा संकोच निम्मा ओसरतो.

चिठ्ठ्या आणि पैसा

दक्षिण भारतातील वसतिगृहांत आणि कार्यालयांत ‘ख्रिसमस फ्रेंड’ या नावाचा एक खेळ प्रचलित आहे. सर्वांच्या नावांच्या चिठ्ठ्या टाकून प्रत्येकाने एक उचलावयाची आणि जे नाव येईल त्या व्यक्तीला नाताळपर्यंत गुप्तपणे लहानसहान भेटी व शुभेच्छापत्रे पाठवावयाची. नाताळच्या मेळाव्यात देणाऱ्याचे नाव उघड होते. ज्यांचे वर्षभर परस्परांशी बोलणे होत नाही, त्यांनाही चिठ्ठी एकत्र आणते, हा या खेळाचा विशेष. भेटीच्या किमतीची मर्यादा आधी ठरवून घेतली, तर कोणाची ऐपत उघडी पडत नाही.

चिठ्ठी टाकण्याच्या कृतीकडे ख्रिस्ती परंपरेने दोन दृष्टींनी पाहिले आहे. नव्या करारात येशूच्या वस्त्रासाठी शिपायांनी चिठ्ठ्या टाकल्याची कथा आहे. आणि त्याच नव्या करारात, यहूदाच्या जागी प्रेषित म्हणून मत्थियाची निवड चिठ्ठ्या टाकूनच झाली, असेही नमूद आहे. एका ठिकाणी चिठ्ठी लोभाचे साधन आहे, तर दुसऱ्या ठिकाणी निवड देवाच्या हाती सोपवण्याचे. नशिबाच्या खेळांविषयी विविध पंथांची भूमिका या दोन टोकांच्या दरम्यान आढळते. कॅथलिक चर्चच्या १९९२ च्या धर्मशिक्षणग्रंथानुसार नशिबाचे खेळ स्वतःहून अन्यायकारक नाहीत. मात्र स्वतःच्या वा इतरांच्या गरजांसाठी आवश्यक असलेले धन त्यांत जाऊ लागले, की ते अमान्य ठरतात. मेथॉडिस्ट परंपरेचा जुगाराला विरोध आहे.

घरगुती हाऊजीत तिकिटाला थोडे पैसे घेऊन त्यांतूनच बक्षिसे देण्याची चाल अनेक ठिकाणी आहे. रक्कम किरकोळ असते, हे खरे. तथापि पैसा आला, की एका कुटुंबाने सहा तिकिटे घ्यावीत आणि दुसऱ्याने एकावर भागवावे, असे होते आणि ज्या समतेमुळे हा खेळ मोलाचा, तीच नाहीशी होते. याहून चांगली रीत अशी, की प्रत्येकाला एकच तिकीट विनामूल्य द्यावे आणि बक्षिसे यजमानांनी मांडावीत. मेणबत्त्या, वह्या, साबणाची वडी, कुलकुलचे पुडके अशी बक्षिसे पुरतात. बक्षीस जितके लहान, तितका ते मिळाल्याचा गलका मोठा, असा अनुभव आहे.

संध्याकाळची आखणी

मेळाव्याच्या यशासाठी खेळांचा क्रम महत्त्वाचा असतो. जेवणानंतर लगेच धावपळीचा खेळ घेऊ नये. आरंभी पुडक्याचा खेळ घ्यावा; त्यात बसल्या जागी सर्वांचा सहभाग होतो आणि नवख्यांना नावे कळतात. त्यानंतर संगीत खुर्ची किंवा लिंबू-चमचा, म्हणजे मुलांचा साचलेला उत्साह मोकळा होतो. मग मूकाभिनय घ्यावा. त्यात एका वेळी एकच जण उभा राहतो आणि बाकीच्यांना दम खाता येतो. हाऊजी शेवटी ठेवावी, कारण ती सर्वांना पुन्हा एका जागी आणते. आकडे मोठ्याने व दोनदा पुकारावेत. ऐकू कमी येणाऱ्यांसाठी पाटीवर लिहावेत. ज्यांची दृष्टी मंद झाली आहे, त्यांच्याशेजारी एकेक मूल बसवावे. मूल आकडा शोधते, आजी तो खोडते आणि दोघांचे मिळून एक तिकीट होते. कोणाला खेळावयाचे नसेल, तर त्याला आग्रह न करता थैलीतून आकडे काढण्याचे काम द्यावे. शोकात असलेल्या माणसाला हसण्याची सक्ती नको असते. पण हाताला काम आणि सर्वांच्या मध्ये जागा हवी असते.

या खेळांचा चिवटपणा अलीकडेच दिसून आला. २०२० साली महासाथीमुळे देशभर टाळेबंदी झाली, तेव्हा भेटीगाठी बंद पडल्या. परंतु अनेक कुटुंबांनी दूरध्वनीच्या पडद्यावर एकत्र येऊन हाऊजी चालू ठेवली. पुकारणारा एका शहरात, तिकिटे दुसऱ्या शहरांत, नातवंडे परदेशात. संगीत खुर्ची अशी खेळता येत नाही. हाऊजीला मात्र एक आवाज, एक कागद आणि एक पेन्सिल पुरते. ज्या घरांतून मुले कामधंद्यासाठी आखाती देशांत, कॅनडात किंवा ऑस्ट्रेलियात गेली आहेत, तेथे ही सोय महासाथ ओसरल्यानंतरही उपयोगी पडते.

साध्या खेळांनी कुटुंबातील जुने वाद मिटत नाहीत आणि गेलेली माणसे परत येत नाहीत. मात्र वर्षातून एकदा, दोन-तीन तासांपुरते, वय, शिक्षण, मिळकत आणि मान यांच्या पायऱ्या ते बाजूला ठेवतात, आणि ज्याला कोणी विचारीत नाही त्यालाही पुडके द्यावे लागते, कारण ते पुढच्याच्याच हाती जाते. त्यासाठी लागणारी सामग्री कोणत्याही घरात आढळते. नियम नीट सांगणारा, सर्वांवर लक्ष ठेवणारा आणि वेळप्रसंगी स्वतः हरावयास तयार असणारा एक यजमान तेवढा हवा.